व्हिएतनामची पाल आणि माझा मेव्हणा

आमच्या इनामगावच्या शिवारात उसात बिबट्या असतोच. पाणी द्यायला निघालो की हातात काठी घ्यायची आणि मोबाइलवर मोठ्यानं भजन लावायचं, म्हणजे तो बाजूला होतो. एकदा तो झाला नाही. बांधावर बसून माझ्याकडं बघत राहिला. मीही बघत राहिलो. शेवटी तोच कंटाळून उठला आणि गेला. हे मी फुशारकी मारायला सांगतोय असं समजा हवं तर. पुढं जे सांगणार आहे त्यात माझी इज्जत जाणार आहे, तेव्हा आधी थोडी जमा केलेली बरी.

तर, मी पालीला भितो.

भितो म्हणजे थोडंथोडकं नाही. भिंतीवर पाल दिसली की माझा घास घशाखाली उतरत नाही. बायको केरसुणी घेऊन येते, "सरका तिकडं" म्हणते, पाल हाकलते आणि जाता जाता सुनावते, "मिशा कशाला ठेवल्यात एवढ्या?" घराबाहेर हे कुणाला माहीत नव्हतं. मी दूध सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिलेला माणूस. बाहेर कळलं असतं तर विरोधकांनी मतपत्रिकेवर पाल हेच चिन्ह मागून घेतलं असतं.

आता मेव्हण्याचं सांगतो. बायकोचा एकुलता एक भाऊ, तिच्यापेक्षा धाकटा. गाव भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात. आमचं लग्न झालं तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. बहिणीला माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून आला आणि आमची विहीर बघून तिथंच रमला. बहीण माहेरी जायला निघाली तरी हा निघेना. मीच त्याला पोहायला शिकवलं. त्याच्या पाठीला डबा बांधला, ढकलला, आणि तो बुडताना "दाजीऽऽ" म्हणून जे ओरडला ते अख्ख्या आळीनं ऐकलं. तेव्हापासून मला भाऊ नसल्याची उणीव वाटली नाही. खरं तेच सांगतो.

आणि त्याच माणसाशी मी गेली काही वर्षं बोलत नव्हतो. कारण ऐका आणि तुम्हीच ठरवा. त्याच्या थोरल्या मुलाचं लग्न. आमच्याकडं लग्न म्हणजे माइक. अक्षता पडायच्या आधी निवेदक नावं पुकारत बसतो. अमुक गावचे सरपंच, तमुक कारखान्याचे संचालक, बाजार समितीचे माजी सभापती, एक जेसीबीवाला, आणि एकेकाला फेटा, टॉवेल, टोपी. तिकडं नवरी बिचारी ताटकळत उभी. मी त्या घरचा एकुलता एक जावई. मला वाटलं आता पुकारतील, मग पुकारतील. डोक्यावरची टोपीसुद्धा नीट करून बसलो. अख्खा तालुका पुकारून झाला, माझं नाव नाही. बरं म्हटलं, विसरले असतील. पंगतीला बसलो, जिलेबी वाढली, पहिला घास उचलला आणि माइकवरून जेसीबीवाल्याचं नाव दुसऱ्यांदा आलं. दुसऱ्यांदा! मी ताटावरून उठलो.

त्याचं म्हणणं, घरच्या माणसाला काय पुकारायचं? माझं म्हणणं, मग घरच्याला कधी पुकारायचं, मेल्यावर? तो म्हणाला, भरल्या ताटावरून उठून दाजींनी माझ्या दारात माझा अपमान केला. मी म्हणालो, अपमान कुणी आधी केला ते बघा. झालं. त्यानंतर राखीला बायको एकटी जायची आणि डोळे सुजवून परत यायची. मी विचारायचो, "काय झालं?" ती म्हणायची, "काय न्हाई, एसटीत वारा लागला."

मग आमच्या उशिरा झालेल्या मुलीचं लग्न ठरलं. मामानं हाताला धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. मी म्हणालो, "चुलतमामा हाय की एक." ते ऐकून बायकोनं हातातली परात खाली ठेवली.

"माझ्या लेकीला तिचा सख्खा मामाच आणील," ती म्हणाली. "न्हाई आला तर मीबी मांडवात पाय ठेवणार न्हाई. तुमचं तुम्ही उरका लगीन."

ती बोलते तसं करते. मी हादरलो. त्याच्याकडं निरोप धाडला तर उत्तर आलं, दाजींनी स्वतःच्या तोंडानं बोलवावं. मी म्हणालो, त्यानं आधी चूक कबूल करावी. निरोप्या भीमा ओलांडून थकला, आम्ही दोघं तिथंच.

त्यातच आमच्या शेतकरी गटाचा व्हिएतनामचा दौरा निघाला, ड्रॅगन फ्रूटची शेती बघायला. गट भीमेच्या दोन्ही काठांचा, त्यामुळं आमची दोघांची नावं त्यात होती. निघायच्या दिवशी बायकोनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. मी म्हणालो, "एवढ्या दशम्या? मी काय तिकडं घर करायला चाललोय?" तिनं आणखी चार दशम्या आत कोंबल्या. तिकडं हॉटेलात पोचल्यावर गटाच्या अध्यक्षानं चावी माझ्या हातात दिली, दुसऱ्या हातानं मेव्हण्याला पुढं केलं आणि माझी नजर चुकवत म्हणाला, "आप्पा, वहिनींचा फोन आलता. मला त्यांना न्हाई म्हणता येत न्हाई."

खोलीत एकच डबलबेड. त्यावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. मधे गुलाबाच्या पाकळ्या. मी हंसांकडं बघितलं, मेव्हण्यानं हंसांकडं बघितलं. मग त्यानं त्याचा हंस उचलून झटकला आणि आंघोळीला निघून गेला.

आमचं बोलणं भिंतीशी सुरू झालं. मी खिडकीकडं बघून म्हणायचो, "ज्याला पंखा सोसत नसंल त्यानं बंद करावा." तो कपाटाला सांगायचा, "ज्याला घोरायची सवय हाय त्यानं कडंला झोपावं." भिंतीनं सगळं ऐकून घेतलं. पण त्या भिंतीवर आणखी कोण होतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

संध्याकाळी दिवे लागले. मेव्हणा त्याच्या बायकोशी फोनवर बोलत होता, मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात.

"व्हय, एकाच खोलीत टाकलंय. न्हाई, अजून बोलत न्हाईत. आगं दाजींचं डोकं म्हंजी निव्वळ दगड हाय."

आणि कुठून तरी आधी खर्रर्र असा आवाज आला, घसा खाकरल्यासारखा. मग मोठ्यानं, "टॉक्के! टॉक्के! टॉक्के!"

आमच्याकडं कुणी बोलत असताना पाल चुकचुकली तर ते बोलणं खरं होतं म्हणतात, आणि ऐकणारा बोटानं टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणतो. हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मेव्हण्यानं काही विचार न करता पलंगाच्या लाकडावर बोट वाजवलं आणि म्हणाला, "कृष्ण कृष्ण."

म्हणजे माझं डोकं दगड, हे पक्कं झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, एवढ्यात एसीच्या मागून एक डोकं बाहेर आलं. मग मान. मग बाकीची. देवाशप्पथ सांगतो, कोपरापासून मनगटापर्यंत लांब, निळसर राखाडी, अंगभर शेंदरी ठिपके. आपल्याकडची पाल तिच्यापुढं तान्हं लेकरू. ती तोंड उघडून आमच्याकडं बघत होती.

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी पलंगावर उभा होतो आणि उशी घट्ट धरली होती. थोड्या वेळानं कळलं की ती उशी नव्हती, मेव्हण्याचा दंड होता. आणि त्यानं माझा सदरा मुठीत धरला होता. हाही भितो! इतकी वर्षं त्याच्याबरोबर जेवलो, पोहलो, जत्रेला गेलो, आणि मला पत्ता नाही. आम्ही एकमेकांना सोडलं. त्यानं भिंतीला सांगितलं, "कुणीतरी घाबरलं वाटतं." मी खिडकीला सांगितलं, "व्हय, लई घाबरलं कुणीतरी."

सकाळी मी हॉटेलच्या मालकिणीला वर बोलावलं. मोबाइलमध्ये मराठीत बोललं की तिच्या भाषेत आवाज निघतो, त्यावर सांगितलं, की बाई, हिला हलवा नाहीतर आम्हाला हलवा. तिनं वर बघितलं आणि माहेरचं माणूस भेटावं तशी हसली. मग तिनं मोबाइलमध्ये सांगितलं ते असं, की ही या घरात फार वर्षं राहते, डास खाते, ज्या खोलीत बोलते त्या खोलीचं भलं होतं. बाकी खोल्या तुमच्याच गटानं भरल्यात, पण ही मिळाली म्हणजे तुम्ही नशीबवान. एवढं बोलून ती चहा आणायला गेली.

त्या पालीचा स्वभाव मला हळूहळू कळला. ती मेव्हण्याच्या बाजूची होती. मी मुद्दाम तिच्या वेळेला, दिवेलागणीला, मोठ्यानं म्हणालो, "ज्याला मानपान कळत न्हाई त्यानं लगीन काढू नये." गप्प. मी पुन्हा म्हणालो. गप्प. मेव्हणा कपाटाला म्हणाला, "अन्नाचा अपमान करू नये माणसानं."

"टॉक्के! टॉक्के!"

मेव्हण्यानं शांतपणे बोट वाजवलं. "कृष्ण कृष्ण."

"तुझं माहेर दौंडचं हाय का गं?" मी वर बघून ओरडलो. मेव्हण्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. तो रडतोय की काय म्हणून मी बघितलं, तर तोंडावर टॉवेल धरून हसत होता. मला आणखी राग आला. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. तो हसताना मी फार दिवसांनी बघत होतो.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला उकडलेली अंडी होती. अंड्याची टरफलं टांगली की पाल तिकडं फिरकत नाही, हे आमच्याकडं घरोघरी माहीत. मोरपीस तर त्याहून चांगलं, पण ते तिकडं कुठून आणणार? मी इकडंतिकडं बघून टरफलं खिशात टाकली. शेजारच्यांच्या ताटातलीही उचलली. सगळे शेत बघायला निघाले तेव्हा पोट बिघडल्याचं सांगून मागं राहिलो आणि गुपचूप वर आलो. दार ढकललं तर आत मेव्हणा खुर्चीवर चढलेला. हातात बुटाची नाडी, नाडीत ओवलेली टरफलं, आणि तो ती एसीखाली बांधतोय. त्यानंही पोट बिघडल्याचंच सांगितलं होतं.

मी दारात उभा. माझा खिसा फुगलेला. त्यानं माझ्या खिशाकडं बघितलं. मी खिसा हातानं झाकला. मग तो कपाटाकडं तोंड करून म्हणाला, "कुणाकडं अजून टरफलं असतील तर खिडकीकडच्या बाजूला कमी पडत्यात."

मी माझ्याही बुटाची नाडी काढली आणि खिडकीकडची बाजू घेतली. तो खुर्चीवर चढला की मी खुर्ची धरायचो, मी चढलो की तो धरायचा. खोली सजवून झाली तेव्हा भूक लागली होती. मी दशम्या सोडल्या. मधे ठेवल्या. त्यानं एक उचलली, चटणीत बुडवून खाल्ली आणि त्याचा चेहरा एकदम बदलला. आईच्या हातची चव बहिणीच्या हातात उतरली होती, हे मलाही माहीत होतं. तो खात राहिला. दशम्या एवढ्या का बांधल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी मालकीण आली, टरफलांच्या माळा बघून तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं आम्ही पालीची पूजा मांडली. तिनं उदबत्ती आणून लावली आणि एक केळं ठेवलं. थोड्या वेळानं पाल बाहेर आली, माळेच्या बरोबर मधोमध बसली आणि केळ्याला आलेले किडे खायला लागली. टरफलांना मुंग्या लागल्या त्या वेगळ्या.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "बोललात का त्याच्याशी?"

"आगं, खोलीत पाल हाय," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"मग दोघं पलंगावर चढला असाल," ती म्हणाली. "त्याला लहानपणी पालीपासून मीच वाचवायचे, आन् आता तुम्हाला वाचवते. माझं नशीबच मिशांचं! अहो, पोरगी रोज विचारती, मामा येणार का. मी काय सांगू तिला? शब्द काढा की तोंडातनं, एवढा कसला ताठा?" आणि तिचा आवाज फुटला. तिनं फोन ठेवला. मेव्हणा खिडकीत पाठमोरा उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो वळला नाही.

दौऱ्याची शेवटची संध्याकाळ. बाहेर ड्रॅगन फ्रूटच्या रानात ओळीनं दिवे पेटले होते. तिकडं झाडाला जास्त फुलं यावीत म्हणून अंधार पडला की रानात बल्ब लावतात. आमच्याकडं थ्री फेजच्या विजेची वाट बघावी लागते आणि हे झाडाला उजेड दाखवतात. एरवी मी यावर खूप बोललो असतो. त्या दिवशी बोलणं सुचत नव्हतं. बॅगा भरून झाल्या होत्या. सकाळी विमान. मेव्हणा मोरीत तोंड धूत होता, दार अर्धं उघडं.

मी वर बघितलं. पाल जागेवर नव्हती. शोधली, तर ती खिडकीबाहेर, भिंतीवरच्या दिव्याशेजारी बसलेली दिसली. खिडकी बंद होती. ती बाहेर, आम्ही आत. जिच्या बोलण्यानं शब्द खरा होतो तीच नेमकी गेली होती. पण मला वाटलं, आता नाही बोललो तर मांडवात बायको नसेल, मुलगी दाराकडं बघत बसेल, आणि मी माइकवर नावं ऐकत बसेन. कशाला मेला तो माइक? कुणाला पाहिजे होता?

मी भिंतीला म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला.

"पोरीचं लगीन हाय. तिला बोहल्यावर तिचा मामा आणणार हाय. माझी इच्छा हाय तशी. दुसरं कुणी आणायचं न्हाई."

मोरीतलं पाणी बंद झालं. मी भिंतीकडं बघत राहिलो. कान लाल झाले होते. म्हटलं, संपलं. तोंड उघडलं ते उघडलं, वर फजिती.

मग मोरीतून आवाज आला. आधी खर्रर्र, घसा खाकरल्यासारखा. मग,

"टॉक्... टॉक्के. टॉक्के."

दौंडकडचा आवाज मी दहा गावांत ओळखीन. मी खिडकीबाहेर बघितलं. पाल दिव्याशेजारी तशीच बसलेली, तोंड मिटून. मी पलंगाच्या लाकडावर बोट वाजवलं आणि म्हणालो, "कृष्ण कृष्ण."

मेव्हणा बाहेर आला. टॉवेलनं तोंड पुसत होता, पुसणं काही संपेना. डोळे लाल.

"साबण गेला डोळ्यात," तो म्हणाला. भिंतीला नाही, मला. "दाजी, ऐकलं का? पाल बोलली."

"ऐकलं पाव्हणं. आता खरं करावं लागंल."

"लागंल की. तिच्या शब्दाबाहेर कसं जायचं?"

मग आम्ही उरलेली चटणी संपवली. सकाळी मालकिणीनं दोघांना मिळून एक केळं दिलं.

घरी आल्यावर बायकोनं आम्हा दोघांना समोर बसवलं. "खरं सांगा, आधी कोण बोललं?" मी मेव्हण्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. "पाल," आम्ही दोघंही म्हणालो. मग सगळं सांगावं लागलं, मोरीतल्या आवाजासकट. तिनं ऐकून घेतलं, "दोन्ही येडे" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. त्या दिवशी साखर जरा जास्तच पडली होती.

लग्नात मी निवेदकाला दम दिला, की पहिलं नाव मुलीच्या मामाचं. त्यानं पुकारलं, पण मामा फेटा बांधून घ्यायला आलाच नाही. तो भाचीचा हात धरून मांडवाच्या कडेनं येत होता, सावकाश, ती साडीत अडखळू नये म्हणून खाली बघत. त्यानं तिला बोहल्यावर आणलं, पाटावर उभं केलं आणि तिच्या मागं उभा राहिला. अंतरपाट धरला गेला. बायको माझ्या शेजारी होती. हळूच म्हणाली, "आला हो माझा भाऊ. माझं माहेर परत आलं."

नवरीच्या मागून, कुणाला कळणार नाही असा बारीक आवाज आला, "टॉक्के."

बायकोनं वर बघितलं नाही. वाकून बोहल्याच्या फळीवर बोट वाजवलं, "कृष्ण कृष्ण" म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.